गिटारच्या पोटातले तांदूळ

त्या शोरूमच्या सर्व्हिस मॅनेजरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. वीसेक वर्षं होऊन गेली, शारजा सुटलं, नोकरी सुटली, गुडघे गेले, पण राग जागच्या जागी आहे. लोक म्हणतात, सोडून द्यावं, आपल्यालाच त्रास होतो. मला काही त्रास होत नाही. उलट दुपारी चहा घेताना त्याचं ते गुळगुळीत दाढी केलेलं तोंड आठवलं की जरा तरतरीच येते.

मी तेव्हा दुबईत, देऱ्याला, एका ट्रेडिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनला होते. म्हणजे माल कुठून निघाला, कुठे उतरला, कोणाच्या सहीनं कुठल्या गोदामात गेला, याचे कागद करायचे, फायलीला लावायचे, आणि कोणी खोटं बोलायला लागला की तेच कागद त्याच्यापुढे आपटायचे. हे, म्हणजे माझे यजमान, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. घर शारजात, अल मजाजला, सातव्या मजल्यावर. एक मुलगी, शाळेत जाणारी. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. घरात आवाज एकटीचा, माझा. हे बोलण्यातले नव्हेतच.

लग्नाआधी हे डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते स्टेजवरच, सगळ्यात मागे, मान खाली घालून वाजवताना. पुढे नाचणाऱ्या गायकाकडे माझं लक्षच गेलं नाही. गल्फला निघताना ह्यांनी ती गिटार एका मित्राला देऊन टाकली. "तिकडे कुठे वेळ मिळणार," म्हणाले, आणि खरंच पंधरा वर्षं मिळाला नाही. पंधरा वर्षांत ह्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. शर्टसुद्धा मीच आणायची, आणि मापाचा नसला तरी हे घालायचे.

मग आमच्या मंडळातल्या लोकांनी वाद्यवृंद काढायचं ठरवलं. दिवाळीला, एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळचा गाण्यांचा कार्यक्रम. कोणाला तरी ह्यांचं जुनं वाजवणं माहीत होतं. त्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत हे म्हणाले, "एक चांगली गिटार घ्यावी म्हणतो." मी वाढायची थांबले. मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट बाय इट." मला तेव्हाच कळलं की हे एकदाच म्हणणार. मी आत्ता काही फाटे फोडले असते तर पुन्हा तो विषय जन्मात निघाला नसता.

शोरूम दुबईतलंच, मोठ्या काचांचं. आम्ही दोघं आपसात मराठीत बोलत गिटारी बघत होतो, तेवढ्यात तिथला सेल्समन पुढे आला आणि म्हणाला, "रत्नागिरीच्या बाजूचे काय ओ तुम्ही?" आम्ही नव्हतो, पण तो होता. मुसलमान, तिशीचा, किनाऱ्यावरच्या एका गावचा. दोन मिनिटांत ह्यांना दादा आणि मला वहिनी म्हणायला लागला. त्यानं ह्यांना एकेक गिटार हातात दिली, घाई केली नाही, आणि शेवटी एक काढली ती अमेरिकेची. पांढुरक्या लाकडाचं पोट, पाठ काळपट तांबूस. ह्यांनी ती मांडीवर घेतली, दोन सूर वाजवले आणि डोळे मिटले. मी किंमत विचारली. साडेचार हजार दिरहॅम, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या वर. पण मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

"वॉरंटी लाइफटाइम आहे," सेल्समन म्हणाला. "लाकूड उकललं, जोड सुटला, काय पण झालं तरी कंपनी भरून देणार. माझा शब्द." मग सर्व्हिस मॅनेजर आतून आला, टाय लावलेला, ह्यांच्याशी हात मिळवला, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाला की तुम्ही आता आमच्या फॅमिलीत आलात. हे शब्द मी नीट लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, अवजारांची, गाडीची पूजा होते. ह्यांची ड्रॉइंगची पेनं, माझा टाइपरायटर, मुलीचं दप्तर, खाली जाऊन गाडीला हार. बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीतून झेंडू आणलेले. तर नवीन गिटार घरात आलेली आणि तिची पूजा करायची नाही, असं कसं होईल? मी ती कोचावर ठेवली. तारा खालच्या बाजूला जिथं अडकवतात ती लाकडाची काळी पट्टी असते, तिला ब्रिज म्हणतात. तो तसा पोटावर नुसता डिंकानं चिकटवलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या पट्टीवर मी ओली हळद लावली, ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. चार दाणे मधल्या गोल भोकातून आत पडले. हे हसून म्हणाले, "आता ती आतून वाजेल." बाकी काही म्हणाले नाहीत. संध्याकाळी हे सोनं वाटायला आलेल्या लोकांसमोर वाजवायला बसले, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी किचनमध्ये जाऊन पुसलं.

चार-पाच दिवस झाले आणि गिटार बिघडायला लागली. आधी तारा उंच वाटायला लागल्या. मग खालच्या सुरांना खरखर. हे रोज सूर लावायचे आणि अर्ध्या तासात तो उतरायचा. एके दिवशी ह्यांनी टेबल लॅम्प तिच्या पोटावर तिरका धरला आणि मला बोलावलं. ब्रिजची मागची कड उचलली गेली होती. ह्यांनी एक कोरा कागद तिच्याखाली सरकवला, तो अर्धा आत गेला. कागदाला लाल रंग लागला. माझं कुंकू त्या फटीत उतरलेलं होतं.

"म्हणजे दसऱ्याच्या दिवशीच फट होती," हे म्हणाले. ड्राफ्ट्समन माणूस, हिशोबी बोलतो. "जोड घट्ट असता तर कुंकू आत गेलंच नसतं."

दिवाळीला जेमतेम दोन आठवडे होते. सेल्समन म्हणाला, आणा, लगेच पाठवतो वर्कशॉपला. ठेवून आलो. एक आठवडा गेला. फोन केला की मॅनेजर म्हणायचा, "इन्शाल्ला, टुमॉरो." दुसरा निम्मा गेला. मी ऑफिसातून रोज अकरा वाजता फोन करायची, इतकी की तिथली ऑपरेटर माझा आवाज ऐकताच लाइन जोडायची. दिवाळी दोन दिवसांवर आली तेव्हा मॅनेजरनं आम्हाला बोलावलं आणि एक छापील रिपोर्ट पुढे सरकवला.

त्यात लिहिलं होतं: ब्रिजखाली लाल रासायनिक द्रव्य आढळले. वाद्याच्या पोटात तांदळाचे दाणे आढळले. ग्राहकाने वाद्याचा गैरवापर केला असून ओलाव्यामुळे जोड सुटला आहे. वॉरंटी रद्द.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला सांगितलं की ते केमिकल नाही, कुंकू आहे, आमच्याकडे कपाळाला लावतात, बायका रोज लावतात, आमची कपाळं उकलत नाहीत. दोन थेंबांनी कसला ओलावा येतो? ह्यांनी शांतपणे फटीचं गणित समजावलं. त्यानं ऐकलं, टाय सारखा केला आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "सर, तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीला ही पावडर लावता. कारला, कॉम्प्युटरला. तुमच्या पूजेची जबाबदारी मी घेऊ शकत नाही." आणि हसला. त्याच्या मागे आमचा सेल्समन उभा होता, त्याची मान खाली गेली.

दुरुस्तीला त्यानं पैसे मागितले, आणि वर दोन महिने. हे म्हणाले, "जाऊ दे." गिटार तशीच उचलली. गाडीत मी एकटीच बोलत होते. अल इत्तिहाद रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक, तासभर तरी बोलत असेन. हे फक्त एकदा म्हणाले, "दिवाळीला मी येत नाही म्हणून कळवतो त्यांना."

दिवाळीच्या सकाळी ह्यांनी त्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या. मंडळाचे लोक म्हणाले, दुसऱ्या कोणाची गिटार घ्या, पण हे नाही म्हणाले. कार्यक्रमभर मागे उभे राहून फराळाच्या डिशेस मोजत होते. मी समोर बसले होते आणि गाणी माझ्या कानातच शिरत नव्हती. ह्या माणसानं पंधरा वर्षांत एकदा तोंड उघडलं होतं, आणि त्या टायवाल्यानं ते हसून बंद केलं. मी तिथेच ठरवलं की ह्याची जिरवायची. गिटार तर घ्यायचीच, पण त्याला नाक घासायला लावून घ्यायची.

घरी आल्यावर गिटार पेटीत गेली आणि पेटी कपाटावर. मुलगी म्हणाली, "आई, लेट इट गो, इट्स जस्ट अ गिटार." मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

मी पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्र लिहिणं हे माझं कामच होतं. माझ्या ऑफिसच्या साहेबाची सगळी कडक पत्रं मीच लिहायची, साहेब फक्त सही करायचा. पहिलं पत्र मॅनेजरला, सभ्य. दुसरं जरा कमी सभ्य. उत्तर नाही. दर शनिवारी मी एक आठवण फॅक्स करायची. शिवाय लंच टाइमला वेळ मिळाला तर त्या शोरूमला चक्कर मारायची आणि गिटारी बघणाऱ्या गिऱ्हाइकांना आपणहून सांगायची, "बघून घ्या हां, आमची आठवड्याभरात उकलली." दोन बायका माझ्यासमोर न घेता गेल्या. मॅनेजर काचेच्या केबिनमधून बघायचा. मला फार बरं वाटायचं.

असे दोन महिने गेल्यावर सेल्समनचा ऑफिसात फोन आला. शोरूमला दुपारी एक ते साडेचार सुट्टी असायची. त्या वेळात माझ्या ऑफिसखालच्या कॅफेटेरियात येतो म्हणाला. आला, सुलेमानी चहा मागवला, पण प्यायला नाही.

"वहिनी, तुमचं काय चुकलं नाही," तो म्हणाला. "मी त्याला सांगितलं होतं, हे कुंकू आहे, पूजेचं आहे. आमच्या शेजारी लावतात, मी लहानपणापासून बघतो. तरी त्यानं केमिकल लिवलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या उन्हाळ्यात शोरूम वाढवायचं काम निघालं होतं. आलेला माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून गिटारींची ती अख्खी खेप अल क्वोजच्या गोदामात टाकली. पत्र्याचं छप्पर, एसी नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. त्या उन्हात माणूस तासभर टिकत नाही, तिथे डिंक कसला टिकणार? आमच्यासारख्या आणखी तिघांच्या गिटारी परत आल्या होत्या. एकाला सांगितलं, हवा दमट आहे. एकाला सांगितलं, तुमचा एसी फार कोरडा आहे. तिसऱ्याला सांगितलं, तुम्ही तारा चुकीच्या लावल्या. आमच्या वेळी त्याला कुंकू सापडलं.

"मी विकली ना," सेल्समन म्हणाला. "दादांनी माझ्या शब्दावर घेतली." आणि त्यानं खिशातून एक झेरॉक्स काढली. गोदामातून शोरूमला माल पाठवताना करतात ती नोट. माल गोदामात कधी गेला, कधी निघाला, दोन्ही तारखा, पेट्यांचे नंबर, त्यात आमच्या गिटारचा नंबर, आणि खाली माल उतरवून घेणाऱ्याची, म्हणजे त्याची, सही.

माझे हात अक्षरशः शिवशिवले. तो म्हणाला, "हा कागद दाखवायचा नाही हां, वहिनी. तुमच्याजवळ तारखा असू द्या म्हणून दिला. त्या तारखा विचारून त्याच्याकडून लिवून घ्या. माझा व्हिसा यांचाच आहे. घरवालीला आणतोय, तिचे कागद आत्ताच टाकलेत. शारजात खोलीपण बघून ठेवली."

"तुझं नाव कुठे येणार नाही," मी म्हणाले. "कागद माझ्या पर्समधून बाहेर निघणार नाही." मी तोंडानं म्हणाले आणि मनानंही म्हणाले. त्याच्या बायकोसाठी खोलीत काय काय लागेल, त्याची यादीही करून दिली. आमच्याकडचा जादा मिक्सर देते म्हणाले.

मग मी मॅनेजरला एक छोटं, गोड पत्र लिहिलं. एकच प्रश्न. ही खेप उन्हाळ्यात कुठे ठेवली होती, ते कृपया लेखी कळवावे. शोरूमच्या मालकाला, तिकडे ज्याला सगळे अरबाब म्हणतात त्याला, प्रत पाठवली, म्हणून मॅनेजरला उत्तर देणं भाग पडलं. तीन दिवसांनी फॅक्स आला. आमची सर्व वाद्ये सदैव तापमान-नियंत्रित जागेत ठेवली जातात. खाली त्याची सही, शिक्का.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. माणूस स्वतःच्या सहीनं खोटं बोलला होता. असा कागद हातात यायला नशीब लागतं. ऑफिसातल्या माझ्या शेजारणीला मी चहा पाजला.

आता काय करायचं, याचे रस्ते होते. अमेरिकेच्या कंपनीला नुसतं लिहिता आलं असतं, तुमचा माणूस पाठवा आणि गोदाम बघा. तारखा माझ्या शब्दात सांगता आल्या असत्या. वेळ लागला असता, महिना, दोन महिने, पण झालं असतं. मी तो विचार केला आणि सोडून दिला. मला त्याचं खोटं आणि तो कागद एकाखाली एक, एकाच फॅक्समध्ये हवे होते. तो फॅक्स बघताना मॅनेजरचं तोंड मला आत्ताच दिसत होतं.

झेरॉक्स मशिनवर मी नोट ठेवली. सेल्समनच्या सहीवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली, नीट, वेळ घेऊन. कॉपी काढली. सही गेली. पण पानाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं होतं, शोरूम कॉपी. अशा नोटांच्या तीन प्रती असतात. पांढरी अकाउंट्सला, पिवळी गोदामाला, गुलाबी शोरूमला. गुलाबी कोणाच्या ड्रॉवरमध्ये असते? माल उतरवून घेणाऱ्याच्या. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी वर्षानुवर्षं रोज हेच कागद लावत होते.

मला ती ओळ दिसली. मी ती वाचली. अजून एक पट्टी लावायला दहा सेकंद लागले असते. पण दोन ठिकाणी झाकलेला कागद खाडाखोड केल्यासारखा दिसतो, मॅनेजर म्हणाला असता बनावट आहे, आणि माझी सगळी मजा गेली असती. मी म्हटलं, एवढ्या बारीक अक्षराकडे कोण बघतंय. फॅक्सच्या ट्रेमध्ये कागद ठेवले. एक फॅक्स अमेरिकेला, एक अरबाबला.

नवव्या दिवशी फोन आला. खुद्द मॅनेजर. आवाजात मध घातलेला. कंपनी आपल्याला नवीन गिटार देत आहे, झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे, ड्रायव्हरबरोबर घरी पाठवू का? मी म्हटलं, नको, आम्ही येतो. ड्रायव्हरकडून घ्यायला मी एवढा खटाटोप केला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी गेलो, मुद्दाम गर्दीच्या वेळी. हे येत नव्हते, मी ओढून नेलं. मॅनेजरला मी केबिनमध्ये बसू दिलं नाही. म्हटलं, इथे, काउंटरवरच उघडा. त्यानं पेटी उघडली. म्हटलं, बाहेर काढा. काढली. म्हटलं, एक कागद घ्या आणि ब्रिजखाली सरकवून दाखवा. चारही बाजूंनी. आजूबाजूचे सात-आठ लोक बघायला लागले. तो लाल झाला, पण त्यानं सरकवून दाखवला, आणि कागद कुठे शिरला नाही. "आता म्हणा," मी म्हटलं, "की मागच्या वेळी आमचं काही चुकलं नव्हतं." तो म्हणाला. "सरांना म्हणा." तो ह्यांच्याकडे वळून म्हणाला. हे अवघडून दुसरीकडे बघत होते.

मग मी पर्समधून कुंकवाची डबी काढली. बोट त्याच्याच टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि त्या नव्या कोऱ्या गिटारच्या ब्रिजवर ठसठशीत कुंकू लावलं. "आता वॉरंटी कार्डावर लिहा," मी म्हटलं, "कुंकू माझ्यासमोर लावले, हरकत नाही. खाली सही, शिक्का." त्यानं लिहिलं. खरंच लिहिलं, इंग्लिशमध्ये, व्यवस्थित अक्षरात. ते कार्ड अजून माझ्याजवळ आहे. माझ्या आयुष्यात असा आनंद मला फार कमी वेळा झालाय, आणि खोटं कशाला बोलू, आजही आठवलं की होतो.

हा सगळा तमाशा बघायला आमचा सेल्समन हवा, असं मला मधेच वाटलं होतं. मी इकडेतिकडे बघितलं. त्याच्या जागी दुसराच कोणी उभा होता. विचारलं तर म्हणाला, "छुट्टी पे है, मॅडम." मी मान हलवली. बायकोला आणायला गेला असेल, असं ह्यांना सांगितलं. मला तसं वाटलं नव्हतं, पण तसं सांगणं सोपं होतं.

हे गिटार वाजवायला लागले. पुढच्या कार्यक्रमाला पाडव्याला वाजवणार, हे नक्की झालं. रोज ऑफिसातून आल्यावर तासभर बेडरूममधून सूर यायचे आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायची. खेप अल क्वोजच्या पत्र्याखाली उकलली, आमची मात्र बदलून मिळाली, असं मी भेटेल त्याला सांगत होते. गोष्ट रंगवून सांगायची मला सवय आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी, जेवणं झाली होती, फोन वाजला. मागे अनाउन्समेंट चालू होती.

"वहिनी, गिटार मिळाली ना?"

"मिळाली रे. तू कुठे आहेस?"

"एअरपोर्टवर. व्हिसा कॅन्सल केला माझा."

त्यानं शांतपणे सांगितलं. मॅनेजरनं अरबाबच्या कानात घातलं, गोदामाचं बघायचं काम स्टोअरवाल्याचं, त्याला काढतो, पण आपले कागद बाहेर देणारा आपल्यातच बसलाय, त्याचं आधी बघा. कागद सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. खालची ओळ वाचली. ड्रॉवर एकाचाच होता. घरवालीचे कागद आपोआपच रद्द झाले. सहा महिन्यांचा बॅन लागला, तोवर परत यायचं नाही, त्यानंतर बघू, कोण बोलावतंय.

"आणि तो? तो मॅनेजर?"

"तो आहे की."

माझं तोंड सुटलं. मॅनेजरच्या सात पिढ्या मी त्या फोनवर काढल्या. म्हटलं, मी लेबर ऑफिसला लिहिते, वकिलातीला लिहिते, पुन्हा अमेरिकेला लिहिते, त्याला सोडत नाही, तू बघच. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "नको, वहिनी. आता काय लिवू नका."

बेडरूममध्ये हे पाडव्याचं गाणं बसवत होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या कॉपीवर खाली छापलेलं होतं, शोरूम कॉपी. ते तुम्ही बघितलं नव्हतं ना?"

"नाही रे," मी म्हणाले. "लक्षातच आलं नाही."

"तेच मी घरवालीला सांगितलं," तो म्हणाला. "वहिनींनी बघितलं असतं तर पाठवलंच नसतं."